हत्तीचा डावा कान

प्रमोदिनीबाई सबनीसांना एक खोड होती. आनंद झाला की त्या आधी ओरडायच्या आणि कारण मागाहून सांगायच्या. त्यामुळे दोन हजार वीस सालच्या बजेटच्या दिवशी झाशीत बडा बाजारामागच्या गल्लीत भर दुपारी "अगं बाई! अगं बाई गं!" असा आवाज घुमला, तेव्हा खालचा टिक्कीवाला हातातलं उलथनं तसंच घेऊन जिना चढून वर आला. त्याला वाटलं, सबनीससाहेबांचं काही बरंवाईट झालं. वर येऊन बघतो तर साहेब टीव्हीसमोर उभे राहून टाळ्या वाजवताहेत आणि बाई पदर खोचून खोलीभर येरझाऱ्या घालताहेत.

"क्या हुआ जिज्जी?"

"टैक्स बढ़ गया, भैया! बाहर के खिलौनों पे! सीधा तीन गुना! अब देखना हमारे हाथी!"

कर वाढला म्हणून आनंदानं नाचणारं माणूस टिक्कीवाल्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. पण जिज्जीच त्या, त्यांना कोण काय बोलणार? तो मान हलवत खाली गेला, आणि बाईंनी त्याच्यामागून त्याच्याकडच्याच टिक्क्या मागवून गल्लीतल्या सगळ्या बायकांना खाऊ घातल्या.

आता हे हत्ती कुठले, ते आधी सांगायला हवं.

प्रमोदिनीबाईंचे वडील फौजेत लेखनिक, मूळचे साताऱ्याकडचे. झाशीजवळच्या बबिन्याच्या छावणीत बदलून आले आणि परत जाताना मुलीला झाशीत देऊन गेले. सासर सबनीसांचं, म्हणजे पेशवाईत सुभ्याच्या कारकुनीसाठी उत्तरेत आलेलं घराणं. तोरा मोठा. दोन चुलींच्या अंधाऱ्या स्वयंपाकघराला सासूबाई शेवटपर्यंत मुदपाकखाना म्हणत होत्या. कारकुनी मात्र खरीखुरी पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. प्रमोदिनीबाईंचे यजमान गजाननराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. घरात मराठी, जिना उतरला की बुंदेली, आणि रागावल्या की बाईंच्या तोंडी दोन्ही एकदम.

माहेराहून त्यांनी एक शिवणयंत्र आणलं होतं. मुलगी विजयालक्ष्मी लहान असताना एकदा तापानं फणफणली आणि काही केल्या रडायची थांबेना. बाईंनी वडिलांचं जुनं फौजी कांबळं फाडलं, आत चिंध्या कोंबल्या आणि एक हत्ती शिवून तिच्या कुशीत दिला. ताप गेला, पण हत्ती काही कुशीतून निघेना. मग शेजारच्या पोरांनी भोकाड पसरलं, आम्हालाही हत्ती हवा. तिथून सुरुवात. कांबळ्याच्या जागी मऊ फर आली, चिंध्यांच्या जागी फायबर आलं, गल्लीतल्या बायका मदतीला आल्या. सर्वांत पहिली आली उषा कुशवाहा. तिची कात्री अशी चालायची की बघत राहावं. हळूहळू मागची खोली कारखाना झाली, आणि बाईंचे हत्ती बसच्या टपावरून चिरगावला, समथरच्या बाजारात, पार कानपूरपर्यंत जायला लागले.

त्या हत्तीचं कारखान्यातलं नाव होतं 'साहब'. त्याचं कारण असं की बाई नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि गजाननाचं नि हत्तीचं नातं तर जगाला ठाऊक. उषानं पहिल्याच आठवड्यात हे हेरलं आणि हत्तीला साहब म्हणायला लागली. मग काय! "जिज्जी, चार साहब के कान बाकी हैं," "इस साहब का पेट ढीला है, थोड़ा और ठूँसो," असं दिवसभर चालायचं. गजाननराव बाहेरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून हसायचे.

आणि एक रीत होती. हत्ती पुरा झाला, डोळे बसले, सोंड वळली, शेपटीचा गोंडा लागला, की शेवटी तो बाईंच्या हातात यायचा. बाई काजळात बोट बुडवायच्या आणि त्याच्या डाव्या कानामागे एक तीट लावायच्या. बाळ घराबाहेर चाललंय, दृष्ट लागेल! काजळ घरचंच असायचं, एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी घालून धरलेलं, साजूक तुपात कालवलेलं. उषा आणि बाकीच्या बायका त्याला डिठौना म्हणायच्या. चिरगावच्या एका दुकानदारानं एकदा तक्रार केली, माल पे दाग है. बाई स्वतः बसनं चिरगावला गेल्या. "दाग नहीं है, डिठौना है। तुम्हारी अम्मा ने नहीं लगाया था क्या तुमको? तभी ऐसे हो गए!" त्या दुकानदारानं पुन्हा म्हणून कधी हूं की चूं केलं नाही.

छान चाललं होतं. आणि मग दोन हजार एकमध्ये चिनी अस्वल आलं.

ते गात होतं. डोळे मिचकावत होतं. पोटावर दाबलं की टाळ्या वाजवत होतं. आणि त्याची किंमत ऐकून प्रमोदिनीबाई दुकानातच मटकन बसल्या, कारण त्यांची नुसती फरसुद्धा त्या भावात येत नव्हती. बडा बाजारातल्या सगळ्या दोऱ्यांवर, सगळ्या खुंट्यांवर तीच अस्वलं लटकायला लागली. साहेबांना फळीवरून खाली उतरवलं गेलं. कहर म्हणजे विजयालक्ष्मीचा मुलगा सुटीत आजोळी आला आणि त्यानं ढोल वाजवणाऱ्या चिनी माकडासाठी जमिनीवर गडबडा लोळून घेतलं. बाईंनी ते माकड स्वतःच्या हातानं विकत आणलं. दोन दिवसांनी त्याची बॅटरी संपली, तेव्हा त्यांना जो आनंद झाला तो त्यांनी कुणाला सांगितला नाही, पण रात्री शिरा केला.

"असं झालंच कसं एकाएकी?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

गजाननराव याच प्रश्नाची वाट बघत असावेत. त्यांनी चष्मा पुसला. "एकाएकी नाही. आजवर बाहेरची खेळणी आणायची तर सरकारचा परवाना लागायचा. मिळायचा नाही. अमेरिकेनं जिनेव्हाला तक्रार केली, की हिंदुस्थान दार लावून बसलाय. तिथं जागतिक व्यापार संघटना आहे. निकाल आपल्याविरुद्ध गेला. मग सरकारला दार उघडावंच लागलं."

"अमेरिकेनं तक्रार केली आणि माल आला चीनचा?"

"दार एकदा उघडलं की कोण आत येईल हे दार उघडणाऱ्याच्या हातात राहत नाही."

"पण माझ्या हत्तीनं अमेरिकेचं काय घोडं मारलं होतं हो?"

गजाननरावांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. पण त्या दिवसापासून बाईंना जिनेव्हा हे गाव कुठल्या तरी भांडखोर नणंदेच्या सासरसारखं वाटायला लागलं. कधी न पाहिलेलं, पण सगळी कारस्थानं तिथंच शिजणारं. बायका एकेक करून कमी झाल्या. कुणी साडीला फॉल लावायला गेली, कुणी घरी बसली. उषा तेवढी राहिली. दोन हजार नऊमध्ये चिनी खेळण्यांवर बंदी आली, तेव्हा बाईंनी असाच आरडाओरडा केला होता आणि उत्साहाच्या भरात गठ्ठेच्या गठ्ठे फर आणून टाकली होती. बंदी सहा महिन्यांपुरती होती, आणि ती सहा महिनेही नीट टिकली नाही. फर माळ्यावर गेली. इकडे खेळण्यांच्या दुकानात काय लटकणार हे दिल्लीत ठरायचं, आणि दिल्लीत काय ठरणार हे जिनेव्हात, हे आता बाईंना पाठ झालं होतं.

म्हणून त्या दिवशीच्या टिक्क्या. तिसऱ्यांदा वारं फिरलं होतं, आणि या वेळी आपल्या बाजूनं!

मग टाळेबंदी आली. सहा महिने बाईंनी आणि उषानं मास्क शिवले. पण सप्टेंबरच्या अखेरीस दिल्लीच्या एका मोठ्या दुकानदाराचा फोन आला आणि बाई पुन्हा आधी ओरडल्या. परदेशी माल महागला होता, त्याला देशी खेळणी हवी होती, झाशीचे हत्ती त्यानं कुठं तरी पाहिले होते. जितके कराल तितके हत्ती तो घ्यायला तयार होता. "बस एक बात है, मैडम। एक जनवरी से आईएसआई का ठप्पा चाहिए। बिना ठप्पे का माल मैं दुकान में रख नहीं सकता।"

फोन ठेवल्यावर बाईंचा पारा चढला. "ठप्पा? मला? अहो, ठप्पा त्या चिन्यांना लावायचा होता ना? त्यांच्या रंगात विष असतं म्हणून नियम केला ना? मग मला कशाला? मी काय विष घालते?"

"नियम सगळ्यांना सारखा ठेवावा लागतो," गजाननराव म्हणाले. "बाहेरच्याला एक आणि घरच्याला दुसरा असं केलं, की ते पुन्हा जिनेव्हाला जातील."

"परत जिनेव्हा! जळ्ळं मेलं ते जिनेव्हा!"

कारागिरांना यातून सूट मिळणार असं कुणी कुणी सांगत होतं, पण दिल्लीवाला काही ऐकायला तयार नव्हता. ठप्पा असेल तर माल, नाही तर रामराम. बाई सासष्ट वर्षांच्या झाल्या होत्या. या वेळी हुकलं तर चौथ्यांदा वारं फिरायची वाट बघायला आपण नसू, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. शिवाय आशा एकट्या त्यांचीच नव्हती. दिल्लीची बातमी ऐकून गेलेल्या बायका परत आल्या होत्या. पुन्हा मशीनं तेल घालून सुरू झाली होती. उषाची सून कुसमा पोटुशी होती, मुलाची टाळेबंदीत नोकरी गेलेली, आणि ते सगळं घर आता साहेबांच्या सोंडेकडे डोळे लावून बसलं होतं. बाई म्हणाल्या, ठीक आहे. लावा म्हणावं ठप्पा. बघू या कोण नापास करतं माझ्या हत्तीला.

तपासणीला एक नमुना पाठवायचा होता. बाप रे, काय तो थाट! मुलगी बघायला येणार असल्यासारखी धांदल. सर्वांत चांगली फर निवडली. उषानं कान कापले. कानांच्या आतलं गुलाबी साटीन तिनंच बडा बाजारातून आणलं होतं. बाईंनी स्वतः प्रत्येक शिवण ओढून पाहिली, डोळे उपटायचा प्रयत्न केला, कारण तिकडे डोळे खेचून बघतात असं ऐकलं होतं. "जाळूनही बघतात," गजाननराव म्हणाले, आणि बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "एवढ्या देखण्या हत्तीला?"

कशाकशानं केला, असं विचारलेलं होतं. बाईंनी सगळं सांगितलं. फर, साटीन, फायबर, दोरा, डोळे, नाक, गोंडा. काही म्हणता काही लपवलं नाही.

आणि हत्ती डब्यात घालायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, घरचं काजळ संपलंय. आता काय? तीट लावल्याशिवाय हत्ती उंबऱ्याबाहेर जाणार कसा, आणि तेही असल्या परीक्षेला? बाईंना एकदम आठवलं. कुसमाच्या बाळासाठी त्यांनी बडा बाजारातून सुरम्याचं काजळ आणून ठेवलं होतं, नक्षीची सोनेरी झाकणाची डबी, चांगली महागाची. बाळ यायला अजून अवकाश होता. त्यांनी डबी उघडली. काय काळंभोर काजळ होतं! एक ठसठशीत तीट डाव्या कानामागे लावली, साहेबांवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि डबा बंद केला.

फोन आला तेव्हा बाई मेथी निवडत होत्या. पलीकडचा प्रयोगशाळेतला माणूस सभ्य होता. डोळे पास, शिवण पास, आग पास. पण नमुना नापास. "कान में सीसा निकला है, मैडम। बहुत ज़्यादा। बच्चों के लिए ज़हर है।"

कानात शिसं! प्रमोदिनीबाई ओरडल्या नाहीत. हे पाहून गजाननराव घाबरले. मग त्या उठल्या आणि मागच्या खोलीत गेल्या.

"उषा, ये साटन कहाँ से लाई थी?"

"वहीं से, जिज्जी, जहाँ से हमेशा।"

"हमेशा वाला होता तो सीसा निकलता? गठरीवाले से लाई होगी, सस्ता देख के! सच बोल!"

उषाचं तोंड पांढरंफटक पडलं. "जिज्जी, इतने साल हो गए..."

"इतने साल का क्या करूँ मैं? सब डुबो दिया तूने! चार पैसे बचाने के लिए सबको डुबो दिया!"

खोलीतली सगळी मशीनं थांबली. उषानं कात्री हातातून उतरवली, नेहमीच्या खिळ्याला अडकवली, चपला घातल्या आणि निघून गेली. बाई साटीनचा तागा घेऊन खिडकीशी गेल्या, उजेडात धरून धरून पाहिला, चुरगाळला, नखानं खरवडला. साटीन दिसायला साटीनच होतं. पण राग असा होता की त्यांनी तो तागा जिन्याखाली फेकून दिला, आणि टिक्कीवाल्यानं तो उचलून घडी घालून ठेवला.

पुढचे दिवस वाईट गेले. दिल्लीवाला फोन करत होता, बाई घेत नव्हत्या. गजाननराव म्हणाले, "उषानं असं केलं नसेल." बाई म्हणाल्या, "मग कान काय जिनेव्हाहून आला?" पण आतून त्यांना खात होतं. नेमकी त्या खिळ्यावरची कात्रीच नजरेसमोर यायची. दुसऱ्या कुणी तिला हात लावला नव्हता. आणि दिवाळीच्या तोंडावर बातमी आली, कुसमा बाळंत झाली, मुलगी झाली, रुग्णालयातून घरी आली.

"तू जाणार नाहीस?" गजाननरावांनी विचारलं.

"तिनं यावं आधी. माफी मागावी."

"बाळानं काय केलंय?"

बाई तणतणत स्वयंपाकघरात गेल्या. पण तासाभरानं त्यांनी टोपडं घेतलं, डिंकाचे लाडू घेतले, ती सोनेरी डबी घेतली आणि निघाल्या. चालताना सबंध रस्ता त्या स्वतःशी भांडत होत्या. मी काही बोलणार नाही. बाळ बघीन आणि येईन.

उषाच्या अंगणात कोवळं ऊन होतं. कुसमा खाटेवर बसली होती, मांडीवर मुठीएवढं तोंड असलेली काळ्याभोर जावळाची पोर. उषा दारात उभी राहिली, "आओ जिज्जी," एवढंच म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. बाईंनी पोरीकडे पाहिलं आणि त्यांचा सगळा राग गडबडला. अशी देखणी पोर! अजून हिला तीट कशी नाही लावली कुणी? त्यांनी चटकन डबीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि पोरीच्या कपाळाकडे नेलं.

कुसमानं पोरीला झटक्यात मागं ओढलं.

"नहीं जिज्जी! बुरा मत मानना। नर्स ने बहुत मना किया है। कहा है, काजल-सुरमा कुछ मत लगाना बच्ची को। बाज़ार के सुरमे में सीसा होता है।"

बाईंचं बोट हवेत तसंच राहिलं.

"क्या होता है?"

"सीसा। दिमाग़ पे असर करता है, कह रही थीं।"

सीसा! बाईंनी बोटाकडे पाहिलं. काळंभोर, ठसठशीत. त्यांच्या डोळ्यांपुढे साहेबांचा डावा कान उभा राहिला. फर सांगितली होती. साटीन सांगितलं होतं. दोरा, गोंडा, सगळं सांगितलं होतं. तीट सांगितली नव्हती! लपवली नव्हती हो, सुचलीच नव्हती. कपाळावरचं कुंकू कुणी अंगावरच्या कपड्यांत मोजतं का? तीट ही काही हत्तीत घातलेली वस्तू नव्हती. ती माया होती. आणि दोन्ही कान तर एकाच साटीनचे होते, मग शिसं दोन्हीत निघालं होतं की...

"अगं बाई!" त्या ओरडल्या. पोर दचकून रडायला लागली. "अगं बाई गं! फ़ोन! कुसमा, फ़ोन दे! नहीं नहीं, मेरे ही पास है।" स्वच्छ हातानं त्यांनी पिशवीतून फोन काढला, काजळाचं बोट आभाळाकडे धरून. प्रयोगशाळेतल्या त्या सभ्य माणसाचा नंबर लागला.

"भैया! मैं झाँसी से, हाथीवाली! कौन सा कान?"

"जी?"

"अरे, सीसा कौन से कान में निकला? दायाँ कि बायाँ?"

पलीकडे कीबोर्ड वाजला. उषा पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती.

"लेफ़्ट, मैडम। सिर्फ़ लेफ़्ट। राइट बिल्कुल क्लीन है।"

प्रमोदिनीबाईंनी फोन खाटेवर टाकला. उषासमोर गेल्या. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं, आणि जे बोलल्या ते अर्धं मराठीत आणि अर्धं बुंदेलीत आलं. "उषा, माझं चुकलं गं. साटन नईं हतो, मोरो सुरमा हतो. तुझ्या साटीनला नावं ठेवली मी, सगळ्यांसमोर. माझ्या जिभेला हाड नाही. तू मार मला."

उषानं पेला खाली ठेवला. आधी ती रडली. मग बाईंच्या त्या वर धरलेल्या काळ्या बोटाकडे तिचं लक्ष गेलं, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. "पहले हाथ तो धो लो, जिज्जी!"

राखेनं, मग साबणानं, मग पुन्हा राखेनं बाईंनी हात धुतले. नळाशी त्या ओट्यावरच बसल्या. डबी या पोरीसाठी आणलेली होती. हिच्याच कपाळाला, हिच्याच डोळ्यांत, रोज, कौतुकानं. नर्सनं सांगितलं नसतं तर? आणि ज्या नियमाला आपण महिनाभर शिव्या मोजल्या, ज्या दूरच्या कुठल्या तरी लोकांनी लहान पोरांच्या तोंडात काय जावं नि काय जाऊ नये ते ठरवून ठेवलं होतं, त्यांना झाशी कुठं आहे हेही ठाऊक नसेल. आणि त्यांनी नेमकी आपलीच डबी पकडली. चिन्यांचं विष शोधायला लावलेली चाळणी, आणि त्यात अडकलं काय, तर प्रमोदिनी सबनीसांचं बोट! त्यांना लाज वाटली, आणि त्या लाजेहून मोठा असा आनंद झाला. डबी नवी होती. अजून एकाही बाळाला लागली नव्हती. पहिल्यांदा लागली ती हत्तीला.

उषाला घेऊनच बाई घरी आल्या. गजाननरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "मग आता तीट नकोच. नसता घोळ."

"नको कशी? तिटेशिवाय हत्ती घराबाहेर पडायचा नाही!"

"अगं, पुन्हा नापास करतील."

"करू देत की! कसे करतात ते बघते!"

वाद मिटवला उषानं. खिळ्यावरची कात्री काढत ती म्हणाली, "धागे का डिठौना लगा दो।" नवराबायकोनं कपाळावर हात मारला, कारण इतकी सोपी गोष्ट इतक्या वर्षांत कुणालाच कशी सुचली नाही! पास झालेल्याच दोऱ्यातला काळा दोरा घेतला. डाव्या कानामागे सहा-सात टाके, एकावर एक, वाटाण्याच्या निम्म्यानं गोल. आणि या वेळी कशाकशानं केला हे सांगताना बाईंनी खणखणीत आवाजात सांगितलं, "और डिठौना। काले धागे का। लिखो, लिखो!" टिक्कीवाल्यानं घडी घालून ठेवलेला साटीनचा तागा परत आणून दिला, आणि नव्या हत्तीचे कान त्याच साटीनचे झाले. तसा बाईंचा हट्टच होता.

निकाल आला त्या दुपारी गल्लीत पुन्हा आवाज घुमला. "अगं बाई! अगं बाई गं!" टिक्कीवाला या खेपेला वर आला नाही. खालूनच ओरडला, "फिर टैक्स बढ़ गया क्या, जिज्जी?"

"पास हो गए! साहब पास हो गए!"

बाहेरच्या खोलीत गजाननराव पेपर टाकून उभे राहिले. ते स्वतः उभ्या आयुष्यात कुठल्याच खात्याच्या परीक्षेत एका दमात पास झाले नव्हते. बाईंनी सगळ्या बायकांसमोर त्यांचे दोन्ही हात धरून त्यांना गरकन फिरवलं. मशीनं सुरू होती, दिल्लीवाला फोनवर होता, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं.

कायद्यानं ठप्पा मिळून तो हत्तीच्या पायाला शिवला जाईपर्यंत जानेवारी उजाडला. दिल्लीचा माल बांधून तयार होता, पण ठप्प्याचा पहिला हत्ती बाईंनी त्यात घातला नाही. तो काखेत मारून त्या उषाच्या घरी गेल्या. हा करही वर्षा-दोन वर्षांत उतरेल, वारं पुन्हा फिरेल, असं गजाननराव सकाळीच म्हणाले होते. बाई म्हणाल्या होत्या, "फिरलं तर फिरलं. ठप्पा तर आहे ना? आता मीच पाठवते हत्ती जिनेव्हाला!"

पोर पाळण्यात होती. कपाळ लख्ख, गाल लख्ख, कुठं काळ्याचा ठिपका नाही. येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिच्याकडे पाहून म्हणत होती, अरी, डिठौना तो लगा देतीं, कित्ती सुंदर है! बाईंनी हत्ती तिच्या उशाशी ठेवला. पोरीनं हात हलवला, तो नेमका डाव्या कानावर पडला आणि तिनं कान मुठीत घट्ट धरला. तोंडात घालायला निघाली. बाईंनी तो काढून घ्यायला झटकन हात पुढं केला, आणि मग मागं घेतला.

"खाने दो," त्या म्हणाल्या. "पास है।"

कुसमानं पाळण्याला झोका दिला. कानामागचा तो काळा टाका पोरीच्या ओल्या मुठीतून डोकावत होता. उषानं दोघांवरून एकदमच हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"अब लगती रहे नज़र," ती म्हणाली. "लगेगी तो साहब को लगेगी।"